धागा: तालुका पातळीवरच्या शालेय बँड स्पर्धेची गुणपत्रिका कशी असावी?

गिरणाकाठ
मंडळी, आमच्या तालुक्यातल्या आठ माध्यमिक शाळा मिळून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बँड स्पर्धा घ्यायचं चाललंय. मैदान, मंडप, जेवण यांची सोय झालीय. घोडं अडलंय गुणपत्रिकेपाशी. हाती आलेला नमुना असा: गणवेश २०, संचलन ३०, वादन ३०, शिस्त १०, एकूण प्रभाव १०. प्रत्येक शाळेला आठ मिनिटं, दोन रचना.

पथकं मिश्र आहेत. चार शाळांत बिगुल, साइड ड्रम, झांज, तिघांकडे ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी फुंकवाद्यं), एकीकडे पाइप बँड (बॅगपाइपचा). दोन शाळांचं म्हणणं असं की स्पर्धाच नको, त्याने शिकवणं बिघडतं. त्यावरही लिहा.

काळीपाच
शंभरातले तीसच वादनाला? म्हणजे सत्तर गुण न वाजवता मिळतात. असा कागद शाळांच्या हाती पडला की बँडमास्तर जूनपासून पोरांना वळायला आणि सॅल्यूट मारायला शिकवणार, आणि दोन धून कानावरून घोटून घेणार. त्याला दोष देता येत नाही. ज्याला गुण तेच शिकवलं जातं. त्या दोन शाळांचं खरं दुखणं हेच असावं.

माझी मांडणी अशी:

वादन ६०. त्यात सूर १५, लय १५, नाद १० (आवाज भरीव की फाटका), रचनेची जाण १० (लहान-मोठा आवाज, श्वास कुठे घेतला), न पाहिलेलं वाचन १०. संचलन २०. पथकातल्या सगळ्यांचा सहभाग १५. टापटीप ५. 'एकूण प्रभाव' काढून टाका. तो रकाना परीक्षकाच्या मनाला येईल तसा भरला जातो, आणि निकालाची भांडणं तिथूनच निघतात.

न पाहिलेलं वाचन म्हणजे काय, तर आठ मात्रांच्या चार ओळींचं कार्ड. पथक रांगेत उभं राहिल्यावर द्यायचं, दोन मिनिटं बघू द्यायचं. ब्रासवाल्यांनी ते वाजवायचं. बिगुल-ड्रमवाल्यांनी त्यातली लय टाळीवर किंवा ड्रमवर काढायची. कार्ड सोपं ठेवा: पूर्ण मात्रा, अर्धी मात्रा, एखादी विश्रांती. हे दहा गुण कागदावर आले की शाळांना वर्षभर आठवड्यातून एक तास तरी वाचनाला द्यावा लागतो. नाहीतर नववीतला पोरगा दोन वर्षं ट्रम्पेट वाजवूनही तिसरी धून स्वतःहून काढू शकत नाही, असं सर्रास दिसतं.

दुसरं, क्रमांक देऊ नका, श्रेणी द्या. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेत हीच पद्धत आहे. केंद्रावरच्या सगळ्या मुलांना 'अ' मिळाली तरी कुणाचं बिघडत नाही. अमेरिकेत १९२३ साली शिकागोला शाळांच्या बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिच्यामागे वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांचा हात होता. तिथेही सुरुवातीला पहिला-दुसरा-तिसराच होता, पण १९३०च्या दशकात क्रमांक मागे पडून श्रेणी आल्या. कारण साधं: जिंकणारी शाळा एक, घरी जाऊन पथक गुंडाळणाऱ्या चार.

तुमच्याकडे बिगुल, ब्रास आणि पाइप एकत्र असताना क्रमांक लावणं तर मुळात चूक. बिगुलाला पिस्टन (स्वर बदलायला बोटाने दाबायचे खुंटे) नसतात. त्यातून नैसर्गिक स्वरच निघतात: सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि प. रे, म, ध, नि नाहीतच. त्याची तुलना तीन पिस्टनच्या ट्रम्पेटशी कशी करणार?

कदमताल
काळीपाच सर, मांडणी पटली, पण संचलन वीसवर आणलंत हे जरा जास्त झालं. बँड चालत वाजतो, बसून नाही. चालताना वाजवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते न शिकवता पोरांना मैदानात सोडलं तर तोंडं फुटतात, अगदी शब्दशः. खडबडीत मुरुमाच्या मैदानावर टाच आपटून चाललं की हादरा मानेतून माउथपीसवर (वाद्याच्या फुंकायच्या टोकावर) येतो आणि ओठ दातांवर चेचला जातो. म्हणून आधी वाद्याविना टाच टेकवून पाऊल पुढच्या बाजूला अलगद सोडत चालायचा सराव, मग फक्त माउथपीस घेऊन, मग लांब एकच स्वर धरून, आणि शेवटी धून. पहिल्या तीन पायऱ्या गाळल्या की चौथीला आवाज थरथरतो.

पावलाचंही तसंच. सैनिकी तेज चालीत मिनिटाला १२० पावलं आणि पाऊल ३० इंच. सहावीच्या मुलाला ३० इंच झेपत नाही. तो ताणून पाऊल टाकतो, रांग तुटते, श्वास तुटतो. शाळांसाठी २४ इंच ठेवा आणि गती ११० ते ११६ चालेल असं नियमातच लिहा. नाहीतर जो वेगात पळतो तो चांगला, असा समज होतो.

काळीपाच
२४ इंच अगदी बरोबर. आणि संचलनात खरं मोजायचं असेल तर लय आणि अंतराचं नातं मोजा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पथक २५ मीटर पसरलं असेल तर एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला सेकंदाच्या सात शतांश भागाने उशिरा पोचतो. १२० च्या चालीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे जवळपास सातवा हिस्सा मात्रा घसरली. ऐकणाऱ्याला ते 'पोरं मागेपुढे वाजवताहेत' असं वाटतं आणि मास्तर पोरांना रागावतो.

उपाय: ड्रम मागच्या रांगेच्या मधोमध. ड्रमवाल्यांनी फक्त लीडरची मेस (हातातली काठी) आणि पाय बघायचे, कानाने पुढच्यांच्या मागे जायचं नाही. पुढच्या ब्रासने उलट करायचं: मागून येणाऱ्या ड्रमवर वाजवायचं. मागचा आवाज पुढच्यांवरून जात जात परीक्षकांकडे जातो, त्यामुळे दोन्ही एकत्र पोचतात. बेस ड्रम डाव्या टोकाला उभा केला, की सगळं फसलं. फोटोत छान दिसतो म्हणून तो तिथे जातो.

नावात_काय
खरं शे भो. आमच्याकडे बेस ड्रम कायम कडेलाच.

झांजवाली
मला 'सगळ्यांचा सहभाग १५' या ओळीवर बोलायचंय, कारण स्पर्धेने शिकवणं बिघडतं ते मुख्यतः इथे. पथकात चाळीस मुलं, स्पर्धेला पंचवीस. उरलेली पंधरा ऑगस्टपासून भिंतीला टेकून बसतात. दिवाळीनंतर ती येतच नाहीत. मग दहावीची मुलं निघून गेली की जूनला पथक पुन्हा शून्यावर, कारण मागची फळी तयारच झालेली नसते.

यावर नियम असा करता येईल: प्रत्येक शाळेने दोन संच उतरवायचे. 'अ' संच आठ मिनिटं. 'ब' संच तीन मिनिटं, त्यात फक्त पाचवी ते सातवीची मुलं, एकच सोपी रचना, उभ्याने. 'ब' संच नसेल तर सहभागाचे १५ गुण शून्य. वेळेचा हिशेब: आठ शाळा, प्रत्येकी ११ मिनिटं वादन आणि चढ-उताराला ६ मिनिटं, म्हणजे १७ गुणिले ८, एकूण १३६ मिनिटं. वाचनाच्या कार्डाची मिनिटं वेगळी धरली तरी एका सकाळीत बसतं.

आणि मुलींना झांज, ट्रँगल आणि पुढे बोर्ड धरायला उभं करणं बंद व्हावं. फुप्फुसाची ताकद वगैरे कारणं सांगतात, त्यात तथ्य नाही. अकरा-बारा वर्षांच्या वयात ट्रम्पेटला लागणारा श्वास मुलामुलींचा सारखाच असतो. अडचण येते ती दातांची. पुढचे कायमचे दात नीट आलेले असावेत, तारा लावलेल्या असतील तर ओठाला मेण किंवा आवरण लावावं लागतं. वाद्य ठरवताना दात आणि बोटांची लांबी बघा, बाकी काही बघायचं कारण नाही.

अजून एक. सराव पत्र्याच्या खोलीत घेऊ नका. ८५ डेसिबलला आठ तास ही ऐकण्याची सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. पत्र्याखाली चार साइड ड्रम आणि झांज मिळून १०० सहज ओलांडतात. झाडाखाली घ्या, किंवा ड्रमवर जाड नॅपकिन टाकून घ्या.

सातपुडा_पायथा
नंदुरबारकडून दोन गोष्टी.

तारीख. डिसेंबरचा पहिला आठवडा म्हणजे कपाशीची वेचणी जोरात. धुळे-जळगावच्या खेड्यांतली निम्मी मुलं त्या काळात शाळेत तुटक येतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेली असतात, त्यांची मुलं तर मार्च-एप्रिलपर्यंत दिसत नाहीत. पथकात अशी मुलं असतील तर तारीख सप्टेंबर अखेर धरा. तेव्हा पाऊस ओसरत आलेला असतो, १५ ऑगस्टचा सराव अजून अंगात असतो. जानेवारीत घ्यायची तर २६ जानेवारीच्या तयारीशी जोडून घ्या, वेगळी मेहनत लागत नाही.

दुसरं वाद्यांचं. आमच्या भागात होळीच्या मोठ्या ढोलावर वाढलेली मुलं लयीला पक्की असतात. त्यांना साइड ड्रमच्या रोलमध्ये (सलग भराभर ठोक्यांत) अडकवू नका, बेस ड्रमला उभं करा, पथक सरळ होतं. पावरी मात्र ब्रासमध्ये मिसळायला जाऊ नका. दुधी भोपळा आणि बांबूची ती बांधणी, तिचा सूर बनवतानाच ठरतो. ब्रासला जुळवायचा म्हटलं तर दोन्ही बेसूर. तिचं सादरीकरण वेगळं ठेवा, श्रेणीच्या बाहेर.

गिरणाकाठ
सातपुडा दादा, वेचणीचं ध्यानातच घेतलं नव्हतं. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार पाहतो. पण मग ब्रासवाल्या शाळा म्हणतील की तयारीला वेळच नाही. त्यांच्याकडे वाद्यंही बरीच नादुरुस्त आहेत. तीन महिन्यांत काय होऊ शकतं?

पितळकाम
वाद्यांबद्दल मी सांगतो. नादुरुस्त म्हणून कपाटात पडलेल्या ट्रम्पेटांत निम्म्यांना कारागिराची गरजच नसते.

पिस्टन अडकतो: तेलामुळे. शाळांत खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालतात. खोबरेल थंडीत गोठतं, उन्हाळ्यात धूळ धरून चिकट होतं. वाद्य पूर्ण खोलून कोमट पाण्यात साधा भांड्यांचा साबण घालून अर्धा तास ठेवा. गरम पाणी नको, वरचं लॅकर सुटतं. नळ्या मऊ ब्रशने आतून काढा, कापडाने पुसा, पिस्टनला व्हॉल्व्ह ऑइलचे तीन-चार थेंब.

फुंकलं तर हवाच जात नाही: पिस्टन उलटसुलट बसलेत. प्रत्येकावर १, २, ३ आकडा कोरलेला असतो. १ माउथपीसच्या बाजूला. आकडा जुळवा, टकटक करून खाचेत बसेपर्यंत फिरवा.

माउथपीस अडकलाय: पक्कड लावायची नाही. नळी पिळून जाते आणि मग खरोखर दुरुस्तीला खर्च येतो. त्यासाठी पुलर नावाचं साधं हत्यार मिळतं, तालुक्यात एक पुरेसं आहे.

आवाज घरघरतो: पाणी साचलंय. पाणी सोडायच्या खालच्या चावीचा बूच झिजला असेल तर आठ मिलिमीटरचा नवा बूच चिकटवा.

मेरठची जाळी कोठी ही ब्रास वाद्यांची जुनी बाजारपेठ. सुटे पिस्टन, स्प्रिंगा, बूच तिथून मागवता येतात. मागवताना वाद्याची मेक आणि पिस्टनची जाडी कॅलिपरने मोजून कळवा. 'ट्रम्पेटची स्प्रिंग' एवढंच लिहून पाठवलं तर भलतीच येते.

साइड ड्रमचं कातडं की प्लास्टिक? खान्देशच्या कोरड्या उन्हात कातडं ताणून फाटतं, पावसाळ्यात सैल पडतं. प्लास्टिक घ्या. ताणताना स्क्रू एकापाठोपाठ एक फिरवू नका. समोरासमोरचे, प्रत्येक वेळी अर्धा फेरा. एकीकडून ताणलं की कडा वाकडी होते आणि ड्रम डब्यासारखा वाजतो.

काळीपाच
पितळकाम भाऊंच्या यादीत ट्युनिंगची भर घालतो, कारण सूरचे १५ गुण इथेच जातात.

सगळ्यांनी एकाच स्वराला जुळवायचं. बी फ्लॅट ट्रम्पेटचा मोकळा स्वर, म्हणजे ज्याला पोरं सा म्हणतात, तो पेटीवर काळी पाच (सप्तकातली पाचवी काळी पट्टी). ई फ्लॅट आल्टो हॉर्नचा मोकळा सा काळी दोन. दोघांना 'सा वाजवा' म्हटलं तर दोन वेगळे स्वर येणार. इथेच अर्धे मास्तर फसतात आणि हॉर्नवाल्या पोराला बेसूर ठरवतात. ट्युनिंगला पेटी किंवा मोबाइलमधला ट्युनर घ्या आणि सगळ्यांकडून काळी पाच काढून घ्या, मग वाद्यावर ती कुठल्याही नावाने असो.

मुख्य स्लाइड (आत-बाहेर सरकणारी नळी) एक सेंटीमीटर ओढली की नळी दोन सेंटीमीटर वाढते, कारण हवा जाते आणि येते. ट्रम्पेटची नळी साधारण १४० सेंटीमीटर, त्यामुळे सूर पाव सेमीटोन उतरतो (सेमीटोन म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांतलं अंतर). पोरं तीन-तीन सेंटीमीटर ओढतात, मग बेसूर कसा झाला विचारतात.

पहिली आणि तिसरी पिस्टन एकत्र दाबल्यावर येणारा खालचा रे हा ट्रम्पेटच्या घडणीतच चढा असतो. तीनही दाबल्यावरचा कोमल रे त्याहून चढा. त्याला उपाय तिसरी स्लाइड डाव्या हाताच्या बोटाने बाहेर ढकलणं. रिंग असते त्यासाठीच. बऱ्याच शाळांत ती स्लाइड गंजून बसलेली असते. परीक्षकाला एकच सांगा: रचनेतला खालचा रे ऐका. तिथे स्लाइड हलली तर त्या शाळेत शिकवणं झालंय.

हवामानही बघा. वाद्याच्या आतली हवा एका अंशाने तापली की सूर साधारण तीन सेंट (सेमीटोनचे तीन शतांश) चढतो. सकाळी ८ ला जुळवलेलं पथक ११ वाजता उन्हात उभं केलं की सगळं वर गेलं. म्हणून प्रत्येक पथकाला मैदानात येण्याआधी सावलीत पाच मिनिटं ट्युनिंगसाठी राखून द्या. वेळापत्रकात लिहून द्या.

तीन महिन्यांत काय होईल? ज्यांचे ओठ अजून तयार नाहीत त्या मुलांना रोज २० मिनिटांपेक्षा जास्त फुंकायला लावू नका. दहा मिनिटं, विश्रांती, दहा मिनिटं. स्पर्धा जवळ आली की दोन-दोन तास सराव घेतात, ओठ सुजतो, सूर वर जात नाही, मग पोरगा माउथपीस आणखी जोरात दाबतो. ते वळण लागलं की पुढं वर्षभर सुटत नाही.

कदमताल
संचलन वीसवर मान्य. पण एक मागणी: परीक्षक दोन ठिकाणी बसवा. संचलनाचा मैदानासमोर, सुराचा पाठमोरा. इंग्लंडमधल्या ब्रास बँड स्पर्धांत परीक्षकाला बंद तंबूत बसवतात. कुठलं पथक आलं हे त्याला कळत नाही, फक्त ऐकायला मिळतं. आपल्याकडे तंबू नको, पण पडद्याची कनात लावायला काय जातं? शाळेचं नाव पुकारायचं नाही, क्रमांक पुकारायचा. तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून तर हे जास्त गरजेचं.

झांजवाली
कनातीची कल्पना छान. आणि परीक्षकाने गुण लिहून निघून जाऊ नये. प्रत्येक शाळेला अर्ध्या पानावर तीन ओळी: एक काय चांगलं, एक काय कमी, एक पुढच्या वेळी काय करायचं. 'अधिक सराव करावा' असं लिहिलेलं चालणार नाही. 'क्लॅरिनेटच्या रीड बदला, सगळ्या चिरलेल्या आहेत' असं हवं.

नावात_काय
वरच्या पातळीची स्पर्धा कशी असते? आमच्या शाळेला तिकडे जायचंय म्हणून विचारतो.

कदमताल
केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय मिळून प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा घेतात. गट चार: मुलांचा ब्रास, मुलींचा ब्रास, मुलांचा पाइप, मुलींचा पाइप. राज्य, विभाग, मग अंतिम. २०२५ ची अंतिम फेरी २४ आणि २५ जानेवारीला दिल्लीच्या मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियमवर झाली, १६ पथकं होती. पहिलं बक्षीस २१ हजार, दुसरं १६, तिसरं ११. म्हणजे रकमेसाठी जायचं नाही हे उघड आहे. बिगुल-ड्रमचा गट त्यात नाही. त्या शाळांसाठी तालुका-जिल्हा पातळीच खरी, म्हणून गिरणाकाठांनी त्यांना ब्रासच्या सावलीत ठेवू नये.

ब्रासचं २५ जणांचं पथक बांधायचं तर: ट्रम्पेट ७, क्लॅरिनेट ४, आल्टो हॉर्न २, ट्रॉम्बोन २, युफोनियम २, टुबा १ (हे दोन्ही खालच्या सुरांचे), साइड ड्रम ४, बेस ड्रम १, झांज १, लीडर १. सगळ्या शाळा ट्रम्पेट पंधरा आणि युफोनियम शून्य करतात. वर कर्कश, खाली पोकळ.

गिरणाकाठ
सगळ्यांचे आभार. सुधारित मसुदा शाळांना पाठवतोय: तारीख सप्टेंबरचा शेवटचा शनिवार, श्रेणी अ-ब-क, 'ब' संच सक्तीचा, वादन ६०, कनात. ज्या दोन शाळा नको म्हणत होत्या त्यांनी 'ब' संचाचा नियम वाचून येतो म्हणून कळवलंय.

शेवटचा प्रश्न. उद्घाटनाला आठही शाळांच्या पथकांनी मिळून राष्ट्रगीत वाजवावं असं अध्यक्षांच्या मनात आहे. जमेल का?

काळीपाच
आठही शाळांनी नाही जमणार. बिगुलावर राष्ट्रगीत निघतच नाही, स्वर नाहीत. पाइपच्या चँटरवर (बोटं फिरवायच्या नळीवर) नऊच स्वर, त्यात काळी पाचला सा धरला तर शुद्ध नि सापडत नाही आणि दुसरीकडे सा धरला तर वरचा सप्तक अपुरा पडतो.

ब्रासच्या तीन शाळांना द्या. एकाच प्रतीवरून, एकाच पट्टीत, पूर्ण गीत सुमारे ५२ सेकंदांत. तिन्ही शाळांचे ट्रम्पेट मिळून दहाच ठेवा, नाहीतर युफोनियम बुडतात. ड्रमचा रोल सुरुवातीला एकाच शाळेचा. आदल्या दिवशी ट्युनिंग करून उपयोग नाही, त्याच सकाळी सावलीत करा. बाकी पाच शाळा सावधानमध्ये.

गिरणाकाठ
चालेल. तीन शाळांच्या मास्तरांना गुरुवारी एकत्र बसवतो. प्रत कुणाकडे आहे का, बी फ्लॅट आणि ई फ्लॅट दोन्ही भागांसह?

पितळकाम
माझ्याकडे आहे, हाताने लिहिलेली. भुसावळला येणारं कुणी असेल तर झेरॉक्स देतो.